बगळ्याची पिसं कुठं गेली?

हा भाग ऐकायचा आहे, पण आज आधी डोळ्यांना एक काम. फोनची गॅलरी उघडा आणि बगळ्याचा एखादा फोटो शोधा. प्रत्येकाकडे असतोच. शेतातला, कॅनॉलच्या कडेचा, नाहीतर एसटीच्या खिडकीतून घाईघाईत काढलेला. सापडला? आता झूम करा. पंखावरची पिसं दिसतात का?

बहुतेकांना दिसणार नाहीत. पांढरा कागद बगळ्याच्या आकारात कापून पाण्यावर चिकटवलाय असंच वाटेल. माझाही पहिला फोटो तसाच होता. मी तो मोठ्या कौतुकानं आजीला दाखवला. तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ घेतला, परत लांब धरला आणि म्हणाली, "ह्याला पिसंच न्हाईत गं. सोड्यात बुडवून काढला का काय?"

तर आजचा भाग त्या हरवलेल्या पिसांबद्दल. ती जातात कुठं, आणि ती राखायला लोकांनी गेल्या दीडशे वर्षांत काय काय उद्योग केले. मध्ये माझी एक चूक येईल. तीही सांगते, कारण तिच्यामुळेच मी हा इतिहास वाचायला बसले.

मी पाबळची. शिरूर तालुका, पुणे जिल्हा. पाबळ म्हटलं की बाहेरची माणसं दोनच गोष्टी विचारतात. एक मस्तानीची कबर. दुसरा विज्ञान आश्रम, जो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये इथं सुरू केला, हातानं काम करत शिकायची शाळा म्हणून. पक्ष्यांबद्दल कुणी विचारत नाही. विचारलंच तर मोराची चिंचोली. चिखलात पाय घालून चालणारे पक्षी आणि पाबळ, हे समीकरण कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण आमचा भाग कोरडा. पाऊस सह्याद्रीवरच रिकामा होतो आणि आमच्यापर्यंत ढगांची नुसती मिरवणूक पोचते.

पण आमच्या शिवारात एक पाझर तलाव आहे. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा महाराष्ट्रभर दुष्काळी कामं निघाली. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. त्या वेळी आजीनं डोक्यावर पाट्या वाहिल्यात. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडीच्या गोष्टी ती अजून सांगते. त्या तलावात पाणी साठवून ठेवायचं नव्हतं, ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना द्यायचं होतं. त्यामुळे दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागे सरकतं आणि कडेनं उथळ चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्याच सुमारास उत्तरेकडून तुतारी, चिखल्या असे पाहुणे उतरतात. त्यांना नेमकं तेच हवं असतं, पाऊलभर पाणी आणि किडे भरलेला गाळ. उजनीच्या जलाशयाचंही असंच झालं. १९८०मध्ये धरण झालं, पाणी दौंड-इंदापूरच्या बाजूला पसरलं, आणि भिगवणला आज लोक रोहित बघायला मुंबईहून येतात. धरण बांधणाऱ्यांच्या मनातही पक्षी नव्हते.

आमच्या तळ्यावरचा राजा म्हणजे शेकाट्या. लांबलचक गुलाबी-लाल पाय, पोट पांढरं शुभ्र, पंख काळे कुळकुळीत. दिसायला देखणा, फोटोला महाकठीण. पोट सांभाळावं तर पंख डांबर होतात. पंख सांभाळावे तर पोट सोड्यात.

असं का होतं? कॅमेऱ्याला, मग तो फोनमधला का असेना, पक्षी कळत नाही. आता काही फोन चेहरे आणि पक्षी ओळखतात, पण उजेड मोजायची मूळ रीत जुनीच आहे. समोर जे काही आहे त्याची सरासरी मधल्या करड्या रंगाइतकी असणार, असं तो धरून चालतो. आता समोर गडद हिरवं पाणी आहे आणि त्यात एवढासा बगळा. कॅमेरा म्हणतो, अरेरे, फारच अंधार, थोडं उजळूया. पाणी छान दिसायला लागतं आणि बगळा जळतो. उलट बगळा फ्रेमभर असेल तर कॅमेरा म्हणतो, बापरे, केवढा उजेड, जरा कमी करूया. मग बगळा मळकट राखाडी येतो. बिचाऱ्याची काही चूक नाही, हिशोबच तसा शिकवलाय त्याला.

आणि डिजिटल कॅमेऱ्यात जळणं म्हणजे कायमचं जळणं. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका ही एक बादली समजा. उजेड पडतो तशी बादली भरते. काठोकाठ भरली की पुढचा उजेड सांडून जातो. पिसाची कड आणि पिसाची घडी, दोन्ही बादल्या काठोकाठ. मग फरक उरणार कसा? एडिटिंगमध्ये तुम्ही हायलाइट्स कितीही खाली ओढा, पांढऱ्याचं करडं होईल, पण पिसं येणार नाहीत. अंधारातलं मात्र बरंच परत येतं, थोडी खरखर सोसायची तयारी असेल तर.

इथं एक गंमत सांगते. मला पहिले धडे दिले गावातल्या एका जुन्या लग्नाच्या फोटोग्राफर काकांनी. त्यांचा नियम एकच. "पोरी, थोडं ओव्हरच ठेव. अंधारात गेलेलं परत येत नाही." मी दोन वर्षं तो नियम पाळला आणि दोन वर्षं बगळे जाळले. काका खोटं बोलत नव्हते. ते निगेटिव्हच्या जमान्यातले. निगेटिव्ह फिल्मवर सावलीतला भाग उजेडाविना राहिला तर तिथं फिल्म कोरी राहते, काढणार काय त्यातून? जास्तीचा उजेड मात्र ती बऱ्यापैकी पोटात घेते. डिजिटलनं हे सगळं उलटं केलं. काकांचं शहाणपण खरं होतं, फक्त त्याखालचं यंत्र बदललं होतं.

हे डोक्यात आल्यावर मला प्रश्न पडला, निगेटिव्हच्याही आधी लोक काय करत होते?

काचेच्या प्लेटा वापरायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या प्लेटा होत्या त्यांना निळा रंग फार तीव्रतेनं दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश प्रत्येक फोटोत पांढरं फटक. ढग गायब. म्हणजे आपल्या बगळ्याचं दुखणं त्यांच्या आख्ख्या आकाशाला झालेलं! गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा. १८५६-५७च्या सुमारास त्यानं काही फोटोंसाठी युक्ती केली. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची वेगळी निगेटिव्ह, आणि छापताना दोन्ही एकाच कागदावर जोडायच्या. जोड क्षितिजावर, कुणाला दिसणार नाही असा. लोक चकित झाले.

आता तुमच्या फोनमधलं एचडीआर आठवा. आयफोनात ते २०१०मध्ये आलं, पुढं सगळ्याच फोनमध्ये. फोन चटचट काही फोटो काढतो, कुणात आकाश बरं, कुणात जमीन बरी, आणि बेमालूम जोडून देतो. ल ग्रेचीच युक्ती, फक्त खिशात. म्हणून कुणी "एडिटिंग म्हणजे आजकालच्या पोरांची थेरं" असं म्हणालं, तर त्याला १८५६ साल सांगा. पण एक लक्षात ठेवा. समुद्र हललेला चालतो, शेकाट्या हललेला चालत नाही. तो पाऊल उचलत असताना एचडीआर चालू राहिलं की माझ्या फोनमध्ये त्याला तीन पाय फुटतात. पक्ष्यांसाठी मी ते बंद ठेवते.

पक्ष्यांकडे कॅमेरा वळला तो आणखी पंचवीस-तीस वर्षांनी, प्लेटा चपळ झाल्यावर. एटिएन-ज्यूल मारे हा शरीरशास्त्रज्ञ. पक्षी उडतो म्हणजे नेमकं करतो काय, हे त्याला बघायचं होतं. १८८२मध्ये त्यानं बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. सेकंदाला बारा फोटो. नेपल्सच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं असणार, हा माझा अंदाज. सारखी बंदूक रोखतो आणि पक्षी एकही पडत नाही!

मला मारे आवडतो त्याच्या पुढच्या कामासाठी. त्याला एकाच प्लेटेवर पंखाच्या सगळ्या अवस्था हव्या होत्या. पण प्लेट पुन्हा पुन्हा उघडली की मागची भिंत तिच्यावर साठत जाणार आणि सगळं धुरकट होणार. त्यानं काय केलं, मागचा भाग काळाकुट्ट केला आणि पुढून पांढरे पक्षी उडवले. काळ्यातून प्लेटेवर काहीच उमटत नाही, उमटतो तो फक्त पांढरा पंख. उजेडाचा हिशोब त्यानं बटणांनी नाही सोडवला, जागा निवडून सोडवला.

हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तळ्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. सकाळी साडेसातला पूर्वेचा बांध स्वतःच्या सावलीत असतो, काळपट. पण त्याच्या पुढं पाण्यात उभ्या बगळ्यावर कडेनं ऊन येतं. फोनवर बगळ्याला बोट लावलं, शेजारी सूर्याचं चिन्ह आलं, ते खाली ओढत गेले. पाणी काळं झालं, बांध काळा झाला, आणि बगळ्याच्या मानेवर एक-एक पीस उमटलं. पहिल्यांदा. त्या फोटोला नंतर फारसं काहीच करावं लागलं नाही.

टिटवीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. १८९५मध्ये इंग्लंडमधल्या रेजिनल्ड लॉज यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं पदक मिळालं, ते घरट्यावर बसलेल्या टिटवीच्या फोटोसाठी. आपली लाल गालांची नव्हे, तिकडची तुरेवाली. रानातल्या पक्ष्याच्या अगदी सुरुवातीच्या चांगल्या फोटोंपैकी हा एक. घरट्यावरच का? कारण तिथं पक्षी हलत नाही. मग घरट्याच्या फोटोंची लाटच आली. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी तर १९००मध्ये भुसा भरलेल्या बैलाचं पोकळ सोंग बनवलं आणि कॅमेरा घेऊन त्याच्या पोटात लपले. आमच्याकडे हा खर्च नाही. तळ्यावर खऱ्याच म्हशी असतात आणि पक्षी त्यांना भीत नाहीत. म्हशीच्या आडोशानं चालत गेलं की शेकाट्या दहा-बारा पावलांवर येऊ देतो. म्हशीनं मध्येच बसकण मारली नाही म्हणजे मिळवली.

पण लॉजची नक्कल आपण करायची नाही. आपली टिटवी उघड्या रानात, ढेकळांत अंडी घालते, तीही उन्हाळ्यात. अंडी तापू नयेत म्हणून ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. तुम्ही फोटोसाठी पंधरा मिनिटं तिथं उभे राहिलात, ती वर घिरट्या घालत ओरडत राहिली, तर खाली ती अंडी उन्हात भाजतात. प्रसंग पडला तर टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, पण एप्रिलच्या उन्हापुढं तिचं काही चालत नाही.

आता माझी चूक.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७पासून चालू आहे. स्वयंसेवक आपापल्या तळ्यावर जातात, मोजतात, कळवतात. मी आमचं तळं मोजायचं ठरवलं. आजीला सांगितलं तर तिला वेगळंच कौतुक. "म्हंजी आमच्या तळ्याचं नाव कागदावर येनार?" येणार म्हटलं.

त्या सकाळी एक तुतारी माझ्यापुढून उडाली आणि मला उडताना एकच फोटो मिळाला. काळोखा, बारका, तिरका. घरी येऊन मी तो "सुधारला". शॅडोज पूर्ण वर. सॅच्युरेशन वर. शार्पनेस तर विचारूच नका. फोटो झकास दिसायला लागला. पंखाची खालची बाजू फिकट, पाय पिवळसर. पुस्तक उघडलं, ठिपक्यांची तुतारी! नोंद केली, फोटो जोडला. आणि फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फोटो डिलीट केला.

चार दिवसांनी एका जाणत्या पक्षीनिरीक्षक काकांचा मेसेज आला. भुवईची पांढरी रेघ डोळ्यापाशीच थांबतेय, ठिपक्यांच्या तुतारीची डोळ्याच्या मागंपर्यंत जाते. पंखाची खालची बाजू खरंच फिकट होती का? मूळ फोटो पाठव.

मंडळी, ठिपक्यांची तुतारी आणि हिरवी तुतारी यांच्यातला उडतानाचा मोठा फरक तोच. पहिलीच्या पंखाखाली फिकट, दुसरीच्या पंखाखाली जवळजवळ काळं. तोच काळा मी शॅडोज ओढून फिकट केला होता, आणि हिरवट पाय सॅच्युरेशननं पिवळे. मी फोटो सुधारला नव्हता, पक्षी बदलला होता. मूळ फोटो असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. तो नव्हता. यादीत त्या ओळीवर शेवटी "तुतारी, जात नक्की नाही" एवढंच राहिलं. काकांनी रागावून काही म्हटलं नाही, ते जास्त लागलं.

तेव्हाच मी ऑर्थर मॅटिंगली यांच्याबद्दल वाचलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायकांच्या हॅटवर बगळ्याची पिसं खोवायची फॅशन होती. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर जी झुपकेदार, तलम पिसं येतात तीच हवी असायची, म्हणजे पक्षी मारायचा तो नेमका पिल्लं घरट्यात असताना. न्यूयॉर्कमध्ये १८८६मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञानं रस्त्यावर चालता चालता हॅट मोजल्या होत्या. सातशे हॅट, त्यांतल्या ५४२वर पिसं. हिंदुस्थानातूनही पिसं जायची. १९०२मध्ये इथल्या सरकारनं पक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली, तरी बाजार लंडनमध्ये चालूच होता.

मॅटिंगली ऑस्ट्रेलियातले. १९०६मध्ये ते बगळ्यांच्या एका वसाहतीत गेले तर शिकारी येऊन गेलेले. मोठे बगळे मेलेले, पिल्लं घरट्यांत भुकेनं टाचा घासतायत. त्यांनी फोटो काढले. ते छापून आले आणि पक्षी वाचवणाऱ्या संस्थेनं उचलले. १९११मध्ये लंडनच्या रस्त्यांवर माणसं ते फोटो पाठी-पोटावर फलक लावून फिरवत होती. हॅट घालणाऱ्या बायकांच्या समोरून. ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा व्हायला १९२१ उजाडलं, आणि त्याला अनेकांचे हात लागले. पण विचार करा, त्या फोटोंत कुणी एखादं जास्तीचं पिल्लू चिकटवलं असतं आणि ते उघडकीला आलं असतं तर? हॅटवाल्यांना आयतं कोलीत. पुढं एकही फोटो कुणी खरा मानला नसता. आपल्याच काळातली गोष्ट, २०१७च्या एका मोठ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेतला बक्षिसाचा फोटो पुढच्या वर्षी रद्द झाला. त्यातला मुंगीखाऊ भुसा भरलेला असावा, असं परीक्षणात दिसलं. फोटो सुंदर होता हो, त्याबद्दल वाद नव्हता.

म्हणून माझी आताची पद्धत सांगते. पटली तर घ्या. मूळ फोटो कधीच पुसायचा नाही, फोनमध्ये जागा नसेल तर आधी गुड मॉर्निंगची फुलं पुसायची. फोनमध्ये रॉ किंवा डीएनजी असेल तर तेच चालू करायचं, त्यात उजेडाच्या पायऱ्या कितीतरी जास्त असतात. एडिट केलेला फोटो नेहमी कॉपी म्हणून ठेवायचा. हायलाइट्स थोडे खाली, शॅडोज जपून, पंखाखालचा काळा काळाच राहील इतपत. पायांच्या आणि चोचीच्या रंगाला हात लावायचा नाही, कारण अर्धी ओळख तिथंच असते. साध्या छोट्या बगळ्याचंच बघा, त्याची चोच काळी. ती पिवळी झाली की तो दुसराच बगळा. कातरणं शेवटी. आणि बाकी काही जमलं नाही तरी सकाळी लवकर जायचं. दुपारी बाराच्या उन्हात पांढरा पक्षी मारेलाही जमला नसता.

पुढच्या जानेवारीत परत मोजणी केली. तुतारी बांधाच्या कडेला होती. मी यावेळी आधीच उजेड कमी करून ठेवला होता आणि बसून राहिले, चांगला पाऊण तास. तिनं उडायच्या आधी दोन्ही पंख वर उचलले, क्षणभर. खालून काळे. हिरवी तुतारी.

यादी गेली, मान्य झाली. संध्याकाळी आजीला फोनवर दाखवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. तळ्याचं नाव, तारीख, मग एकेक ओळ. शेकाट्या अकरा. छोटे बगळे एकोणीस. टिटव्या चार. वंचक तीन. हिरवी तुतारी एक.

तिनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आन म्हशी? म्हशी न्हाई व्हय मोजल्या?"